मेरीची ओटी

वेदांगने शब्द दिला होता, "आई आली की मीच सांगतो, मूल होत नाही तो दोष माझ्यात आहे." डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून तसं स्वच्छ सांगितलं होतं. सासूबाई पुण्याहून रेगेन्सबर्गला आल्या, रोज मला टोमणे मारत राहिल्या, आणि हा बाबा तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. उद्या त्यांचं परतीचं विमान.

"आज नक्की सांगतो," म्युनिकच्या गाडीत तो कुजबुजला.

म्युझियममध्ये रेनेसाँसची प्रसिद्ध शिल्पं बघायची होती. बॅगा लॉकरमध्ये गेल्या, सासूबाईंनी पर्स मात्र सोडली नाही. नागड्या पुतळ्यांपुढून "शी! मेल्यांना लाज नाही," म्हणत त्या झपाझप निघाल्या आणि संगमरवरी मेरीपुढे थांबल्या. तिच्या मांडीवर गुटगुटीत बाळ होतं, त्याच्या दंडात तिची बोटं रुतलेली दिसत होती.

"आईच ती, कुठल्या का धर्माची असेना." सासूबाईंनी पर्समधून खण, तांदूळ, सुपारी काढली. "आधी तिची ओटी भरते, मग प्रसाद तुझ्या ओटीत. पदर पसर."

"आई, इथे नको ना. आणि जीन्सला पदर कुठला?"

"प्रत्येक गोष्टीला नन्ना! म्हणून तर कूस रिकामी. वांझेने एवढा ताठा करू नये."

मी वेदांगकडे पाहिलं. तो पुतळ्याखालची पाटी वाचत होता. गाढवासारखा.

सासूबाईंनी दोरीपलीकडे हात घातला. भोंगा वाजला. गार्डबाई धावत आली आणि जर्मनमध्ये विचारू लागली, काय चाललंय हे?

वेदांग जर्मनमध्येच म्हणाला, "माफ करा. माझ्या बायकोला मूल होऊ शकत नाही. आई तिच्यासाठी प्रार्थना करतेय."

"आख," असं कळवळून म्हणत बाईने माझ्या दंडावर थोपटलं.

अहो, जर्मनमध्ये! सासूबाईंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ही बाई जन्मात पुन्हा भेटणार नव्हती. इथे खरं बोलायला याला काय धाड भरली होती? आईला घाबरतो म्हणून मी इतके दिवस गप्प बसले होते. घाबरत-बिबरत काही नव्हता. माझ्या माथी मारणं त्याला सोयीचं होतं, बस्स.

मी सासूबाईंच्या हातातून खण-तांदूळ हिसकावले, वेदांगच्या जॅकेटची टोकं पुढे ओढली आणि सगळं त्यात ओतलं.

"आई, ओटी याची भरा. दोष माझ्यात नाही, याच्यात आहे. डॉक्टरांनी दोघांना सांगितलंय. विचारा की!"

"वेदांग? काय बरळतेय ही?"

तो तांदूळ सांडू नयेत म्हणून जॅकेट दोन्ही हातांनी धरून मान खाली घालून उभा राहिला. सासूबाई मटकन बाकावर बसल्या.

गार्डबाईने गोंधळून पुन्हा विचारलं, आता काय झालं?

या वेळी भाषांतर मी केलं. सावकाश, आणि दालनातल्या शाळेच्या सहलीलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.