झाकण उघडंच राहिलं

या, जवळ सरका. आज देवाची नाही, आमच्या कँटन शहरातल्या एका चहाघरातल्या वाढप्याची गोष्ट सांगतो. पण ऐकताना देवाला जाब विचारावासा वाटेल.

"साहेब, एक शब्द टाका. तुमची चिठ्ठी तुरुंगात पोचली की गान सुटतो," म्हातारा वाढपी फूक-साम हात जोडून म्हणत होता.

समोर लाउ मिंग-चाक बसला होता, नव्या सरकारचा कामगार-अधिकारी. दोन वर्षांमागे तो याच चहाघरात बशा विसळत होता. वाढप्यांची युनियन उभी राहिली ती त्याच्या जिभेवर आणि फूक-सामच्या खांद्यावर. खरोखरच खांद्यावर! बुटका लाउ सभेत एरवी कुणाला दिसायचाच नाही. युनियनच्या बळावर तो सरकारात शिरला. मग लष्कर युनियनवाल्यांवर उलटलं, तसा लाउही उलटला. काल भटारखान्यातल्या तौ गानला युनियनवाला म्हणून धरून नेलं. आज संध्याकाळी त्याला गोळी घालणार होते.

"कोण गान?" लाउनं वाफेवरचा पाव तोडत विचारलं.

"कोण गान? संपात पोलीस तुझ्या मागे होते, तेव्हा पिठाच्या कोठीत तुला कुणी लपवलं? स्वतःच्या वाट्याची पेज कुणी पाजली रे?" अहोजाहो कधी गळून पडलं, फूक-सामला कळलंही नाही.

लाउसोबतचे गिरणीमालक हसले. "लाउसाहेब, इथं तुमचे बरेच सोयरे दिसतात!"

लाउचे कान लाल झाले. "म्हातारबा, सरकार चालवणं म्हणजे चहा वाढणं नव्हे. गुमान काम कर." आणि त्यानं चहादाणीचं झाकण उचलून बाजूला ठेवलं.

आमच्याकडे गिऱ्हाईक हाक मारत नाही. झाकण काढलेलं दिसलं की वाढप्यानं धावायचं, गरम पाणी घालायचं. उभ्या जन्मात फूक-सामनं कुणाला ताटकळत ठेवलं नव्हतं.

त्यानं हातातली किटली जमिनीवर ठेवली.

"ए, पाणी!"

"तुझं तू घाल. हात विसरले नसतील."

चहाघराचा मालक धावत आला. "सामकाका, वेड लागलं का? अरे, दुसरं कुणी या इकडे!"

दुसऱ्यानं किटली खाली ठेवली. मग जिन्याजवळच्यानं. माडीवर आणखी चार झाकणं निघाली, पण एकही वाढपी जागचा हलेना.

शेवटी मालकानंच घाईघाईनं पाणी ओतलं. निम्मं टेबलावर सांडलं. लाउ उरलेलं प्यायला. मान काही वर केली नाही. चिठ्ठीही लिहिली नाही.

संध्याकाळी पूर्वेच्या वेशीबाहेर गोळ्या वाजल्या. गानला घालायला धुतलेला सदरा घेऊन फूक-साम वेशीशी उभा होता. शिपायांनी त्याला हाकललं. प्रेत दिलं नाही. नोकरी तर दुपारीच गेली होती. घरी येऊन त्यानं सदऱ्याची पुन्हा नीट घडी घातली.

बाबांनो, लाउचं नाव घ्यायला सरकार आहे. तुम्ही करुणामाय कुआन-यिनपुढे उदबत्ती लावाल तेव्हा तौ गानचं नाव घ्या. पीठ मळायचा तो. सकाळी सगळ्यांच्या आधी उठायचा.