शेवटची सोळा पाने

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो. वाचनालयातल्या मुलांच्या कपाटात अगदी खालच्या फळीवर माझा मुक्काम असतो. आताशा अंग ठणकते, पण तक्रार तरी किती करायची?

माझ्यात सावली नसलेल्या एका मुलीची गोष्ट आहे. तिला कोणी खेळायला घेत नाही, म्हणून ती डोंगरातल्या राक्षसांचे दार ठोठावते. मी नवी होते तेव्हा मुले माझ्यासाठी नंबर लावत. हाताळून हाताळून गेल्या वर्षी माझी शिवण उसवली आणि माझी रवानगी बाइंडरकडे झाली. तो कामाने मेटाकुटीला आला होता. त्याने माझी शेवटची सोळा पाने भलत्याच पुस्तकात शिवली आणि मला शिलाई मशीनच्या माहितीपुस्तकाची जोडली. तेव्हापासून राक्षस दार उघडतो आणि पुढच्या पानावर येते, 'मशीनला आठवड्यातून एकदा तेल द्यावे.' मुलांनी नाके मुरडली. शेवटी ग्रंथपालबाईंनी मला रद्दीच्या खोक्यात टाकले. फार वाईट वाटले.

शाळेत नवीन आलेली एक मुलगी रोज वाचनालयाच्या पायरीवर एकटीच बसे. कोणाशी बोलत नसे, म्हणून मुले तिला 'मुकी' म्हणत. तिने मला खोक्यातून उचलले, तिथेच वाचले आणि बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"राक्षसांनी तिला घरात घेतलं का?"

"मी कुठे वाचलंय, बाळ?" बाईंनी माझ्या पाठच्या खिशातले, मला घरी नेलेल्या मुलांच्या नावांचे कार्ड काढून दिले. "यांनी वाचलंय, यांना विचार. शनिवारी रद्दीवाला येणार आहे बरं का."

कार्डावरच्या पहिल्या नावाच्या दारापुढे मुकी कितीतरी वेळ नुसतीच उभी राहिली. मग तिने बेल वाजवली. बेकरीवाल्याची जुळी मुले म्हणाली, "घेतलं ना घरात." टपालवाल्याची थोरली मुलगी म्हणाली, "काहीतरीच काय, हाकलून दिलं तिला." ही उत्तरे कार्डावरच्या सगळ्या मुलांच्या कानावर गेली आणि त्यांची अशी जुंपली, की शनिवारी सगळी भांडतच वाचनालयात आली.

"एकेकानं बोला," मुकी जोरात म्हणाली. "मला लिहून घ्यायचंय."

थोरलीने सरकून तिला बाकावर जागा करून दिली. बाईंनी रद्दीवाल्याला बाहेरूनच परत पाठवले.

खरा शेवट आता मलाही आठवत नाही, मित्रांनो. माझे पान फाटले तर चिकटवा, तेवढे उपकार पुरे. पण कोणी पायरीवर एकटे बसलेले दिसले, तर त्याच्या प्रश्नाची वाट पाहू नका. तुम्हीच आधी विचारा.