सहा सायकलींवर चालणारा सिनेमा

सहा सायकली चालू

चित्र लख्ख. पडद्यावरचा नायक झपाझप पूल ओलांडतोय, नायिका पलीकडच्या टोकाला उभी, आणि गोदामात चटयांवर बसलेली जोडपी आत्तापासूनच एकमेकांना चिकटलेली. प्रेमाचा दिवस ना! बाहेर दुकानं लाल फुग्यांनी आणि चमकीच्या कागदांनी फुलली होती. इथे आत यायची अट वेगळी होती: उद्या फेकावं लागेल असं काही आणायचं नाही आणि लागणारी वीज आपली आपण करायची.

वीज करण्याचं काम सायकलवालीचं. तिचं दुरुस्तीचं दुकान होतं. भंगारातल्या सहा सायकली तिने स्टँडवर चढवल्या, मागच्या चाकांना डायनामो जोडले आणि वायरी थेट ऑपरेटरच्या प्रोजेक्टरपर्यंत ओढल्या. ऑपरेटर बंद पडलेल्या थिएटरातला. थिएटर गेलं, प्रोजेक्टर मात्र तो घरी घेऊन आला. आजचा सिनेमा जुना मूकपट, म्हणजे आवाजाची वीज वाचली. बॅटरीचा विषय निघाला तेव्हा सायकलवालीनेच ठणकावलं होतं, "बॅटरी म्हणजे पुन्हा कचरा. पेडल मारायचं आणि बघायचं."

मध्यंतरात ती ऑपरेटरच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसणार होती आणि विचारणार होती, माझ्याशी लग्न करशील का? सगळं ठरलं होतं. म्हणजे तिचं ठरलं होतं. त्याला पत्ता नव्हता. आईला होता.

"आज तोंड उघडलं नाहीस, तर मीच जाऊन विचारते त्याला," आई म्हणाली.

"काय विचारशील? तुझ्याशी करेल का?"

"चावटपणा पुरे. तोच पाना मघापासून पुसतेयस, दिसतंय मला."

सायकलवालीने पाना खिशात टाकला.

चार सायकली चालू

नायक दमल्यासारखा चालू लागला. साहजिकच होतं. दिवा पेडलवर, रीळ फिरवणारी मोटरही पेडलवर. इथले पाय मंदावले की त्याचेही मंदावणार.

झालं असं की पेडल मारायला नावं दिलेल्यांपैकी दोघं "आलोच हं" म्हणत उतरले आणि आपापल्या माणसाला जाऊन टेकले. तिसऱ्याचीही चुळबुळ सुरू झाली.

सायकलवालीने वायरीची जाडी मोजली होती, बल्ब तपासला होता, साखळ्यांना तेल घातलं होतं. एवढंच डोक्यात आलं नव्हतं की प्रेमाच्या दिवशी आपलं माणूस अंधारात सोडून एकटं सायकलवर बसायला कोण तयार होईल?

अडीच सायकली चालू

अर्धी अशासाठी, की तिच्यावरचा गडी दर फेरीला मागे वळून बायकोला हात करत होता.

नायक पुलाच्या मधोमध एक पाय उचलून लोंबकळला.

"अहो, ढकला त्याला कुणीतरी!"

"हा पोचेपर्यंत ती आजी होईल!"

हशा पिकला. सायकलवालीने उडी मारून एक सीट पकडली आणि जीव खाऊन पेडल मारायला लागली. नायकाचा पाय एकदाचा खाली टेकला. तसंच रेटत मध्यंतर आलं. बाकीचे पेडलवाले उतरून आपापल्या माणसाकडे गेले, पण रीळ बदलायला उजेड हवाच होता, म्हणून ती एकटी उतरली नाही.

"ये ना इकडे," ऑपरेटरने हाक मारली. "स्टूल रिकामं ठेवलंय."

"कशी येऊ? उतरले तर सगळा काळोख!"

तिला वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं. आई जवळ येऊन उभी राहिली.

"लपलीस?"

"पेडल मारतेय मी!"

"तेच म्हणतेय."

हे मात्र झोंबलं. सायकलवाली खाली उत

एकही नाही

रली. काळोख.

"कोण उतरलं?" ऑपरेटरचा आवाज.

"मी! दोन मिनिटं दम धर. चौघं जण इकडे या रे. सायकल उचला. स्टँडसकट! वायर सांभाळा."

"कुठे ठेवू?"

"त्या दुसरीच्या शेजारी. अजून जवळ. हँडलला हँडल लागू दे."

"माझा पाय!"

"पाय नंतर बघू. तोंड पडद्याकडे करा!"

मग तिने काळोखातच पुकारा केला. "आता जोडीने बसा. हातात हात धरा, गळ्यात गळे घाला, पाय तेवढे चालू ठेवा!"

सहा सायकली चालू, शिवाय रांग

भपकन उजेड झाला. नायक पूल ओलांडून असा सुसाट धावला की नायिका दचकलीच. तीन जोड्या हातात हात घेऊन पेडल मारत होत्या आणि मागे रांग लागली होती. "उतरा की आता, आमची पण लग्नं झालीत!"

सायकलवालीला कुठेच जागा उरली नव्हती. फक्त स्टूल रिकामं.

ती गेली. बसली. ऑपरेटर दोन्ही हातांनी भरधाव रीळ सांभाळत होता.

"माझ्याशी लग्न करशील?"

"काय? थांब, फिल्म सुटतेय!"

तिचे कान लाल झाले. उठावं, घरी जावं, दुकानाचं शटर आतून ओढून घ्यावं. पण ती उठली नाही. उलट मोठ्याने म्हणाली,

"लग्न करशील का माझ्याशी?"

मूकपट तो. गोदामातल्या कोपऱ्या-कोपऱ्यात ऐकू गेलं. बारा पाय जागच्या जागी थांबले. मिठी मारायला निघालेला नायक हात पसरून गोठला, मग विरघ

एकही नाही

ळला.



"पेडल मारा रे," ऑपरेटर म्हणाला.

"आधी उत्तर दे!" कुणीतरी ओरडलं.

"काळोखात देऊ?"

"काळोखातच दे," सायकलवाली म्हणाली. "मला तेच सोपं जाईल."

"हो," तो म्हणाला. "हो! अगं, स्टूल काय मी पाय ठेवायला मांडलं होतं?"

आईचा हुंदका की हसू, ते कळलंच नाही, कारण गोदामभर एकच कल्ला उठला, शिट्ट्या झाल्या आणि सगळ्या सायकली एकदम

सहा सायकली, वाऱ्यासारख्या

सुटल्या! नायकाने मिठी मारली, सोडली, पुन्हा मारली, लग्न झालं, बोट निघाली, सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच.

"हळू मारा की!" सायकलवाली ओरडली. तिचा हात त्याच्या हातात होता, आणि त्याच्या दुसऱ्या हाताला एकट्याला रीळ आवरत नव्हतं. "आम्हालाही बघायचाय!"