सात नंबरची बाटली

सकाळपाळी करून नर्स घरी आली. साथ सुरू झाल्यापासून ती मागच्या खोलीत एकटीच राहायची. अंघोळ झाली, नवऱ्याने दाराशी ताट ठेवलं, आणि पहिलाच घास तिने परत ताटात ठेवला. सात नंबरच्या खाटेवरच्या आजोबांचा ऑक्सिजन आपण परत सुरू केला का?

ऑक्सिजन ज्या बाटलीतल्या पाण्यातून जातो, ते पाणी कमी झालं होतं. ऑक्सिजन क्षणभर बंद करायचा, बाटली भरायची, परत सुरू करायचा. हे काम तिने झोपेतही केलं असतं, आणि तिथंच तर घोडं पेंड खात होतं. हात आपले आपण चालतात, डोक्याला पत्ता नसतो. बंद केलेलं आठवत होतं, पाणी ओतलेलंही आठवत होतं. पुढचं काही केल्या आठवेना.

तिने वॉर्डात फोन लावला. वॉर्डबॉय मामा म्हणाले, "आजोबा मस्त आहेत ताई, तुम्ही जेवा." फोन ठेवला आणि परत छातीत धडधड. मामांनी खरंच पाहिलं, की कटकट नको म्हणून सांगितलं? तिने पुन्हा फोन केला. उत्तर तेच, धडधडही तीच.

"अगं, दोनदा विचारलंस ना?" दाराबाहेरून नवरा म्हणाला. "आता काय सगळा वॉर्ड घरी आणू?" थट्टा करायला गेला, पण आवाजात भीती होती. ताटातलं अन्न गार झालं होतं.

तिसऱ्यांदा फोन उचलला तो दुपारपाळीच्या इन्चार्ज बाईंनी. पाठीमागे सगळे त्यांना हेडमास्तर म्हणायचे. नर्सची बोबडीच वळली, तोंडातून शब्द फुटेना. असे गप्प राहणारे फोन वॉर्डात रोज सकाळी यायचे. आजच तिने त्या माणसाला फैलावर घेतलं होतं: "कामधंदे नाहीत का तुम्हाला? इथं माणसं मरतायत!" आणि आता ती स्वतःच तशी गप्प उभी होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तूच ना?" बाई म्हणाल्या. "मामा म्हणाले मला. सात नंबर?"

"मॅडम, मला आठवतच नाहीये हो..." ती रडायलाच लागली.

आता बाई झाडणार, म्हणून तिने डोळे मिटले. पण बाई वॉर्डातला कॉर्डलेस फोन घेऊन चालत गेल्या आणि कसल्याशा आवाजाला त्यांनी फोन लावून धरला. बुडबुड, बुडबुड. बाटलीतल्या पाण्यातून ऑक्सिजन जात होता. मागे आजोबा खोकले आणि कुणावर तरी करवादले.

"ऐकलंस?"

"हो."

"अजून थोडं ऐक. घाई नाही."

ती ऐकत राहिली. मग बाई अगदी हळू म्हणाल्या, "उद्या सकाळी मी फोन केला की मलाही असंच ऐकव. आणि आजच्यासारखी ओरडू नकोस गं."