बाळंतपणानंतर पाहू

मी मेले नाही, याने आमच्या हुडकेश्वरच्या घरात सगळ्यांनाच अवघडल्यासारखं झालं.

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळ ठणठणीत निघालं, पण माझ्या यकृतात लिंबाएवढी गाठ दिसली. एमआरआय झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ साधी वाटते, कॅन्सरची नाही. पण खात्रीसाठी शिरेतून औषध देऊन फोटो काढावा लागतो. पोटात बाळ असताना ते आम्ही देत नाही. बाळंतपणानंतर पाहू."

घरच्यांनी त्यातला 'कॅन्सर' तेवढा उचलला आणि मला मनातल्या मनात पोचवूनही आले.

सासूबाई माझ्याशी भांडेनाशा झाल्या, तेव्हाच मी धसकले. मदतीला माझी धाकटी बहीण रितिका आली. तिचं लग्न मनीषनगरात ठरलं होतं. सासूबाई तिला स्वयंपाकघरात शिकवू लागल्या, "रोशनले भाजीत कूट चालत नाही वं." माझ्या नवऱ्याला काय चालतं, हे तिला कशाला हवं होतं?

आठव्या महिन्यात माझे बाबा कळमन्याच्या बाजारातून संत्र्यांची पेटी घेऊन आले. समोरच्या खोलीत सासूबाई त्यांना म्हणाल्या, "लेकराले मावशीच आई होईन. परकी काहून आणाची?" बाबा रडले. मग म्हणाले, "मनीषनगरवाल्यायले नाही म्हणून सांगतो." मी आत त्यांनीच आणलेलं संत्रं सोलत बसले होते.

रोशनला विचारलं. तो म्हणाला, "तू काहून टेन्शन घेऊन राहिली? लेकराचा विचार तं करा लागते ना." खोटं आहे, असं काही तो म्हणाला नाही. त्या दिवशी मला त्याची किळस आली.

मुलगी झाली. दोन महिन्यांनी औषध देऊन फोटो काढला. डॉक्टरीणबाई हसल्या, "अगदी निरुपद्रवी गाठ आहे. काही करायचं नाही, विसरून जा." रोशनने तिथूनच घरी फोन लावला. पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं."

घरी आलो तर रितिका माझ्या लेकीला खांद्यावर थोपटत दारात उभी. मी हात पुढे केले. तिने पोर माझ्याकडे दिली आणि खाली बघत विचारलं, "ताई, मनीषनगरवाल्यायनं दुसरी पोरगी पाहून टाकली. आता मी काय करू?"

आपण जगलो, याची मला तेव्हा लाज वाटली.