ओल्शिंकीच्या ढोलाचं फाटलेलं पान

मी ढोल आहे. ओल्शिंकी गावचा, दवंडीचा. मला लिहिता-वाचता येत नाही. माझ्या अंगावर टिपऱ्या पडायच्या, मग कुणीतरी कागद वाचायचं आणि मी ऐकायचो. एवढंच माझं शिक्षण. सांगताना काही मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

माझं अंग पितळेचं, पान वासराच्या कातड्याचं. मी घडलो त्या साली तळ्यातले मासे चांगले निघाले, म्हणून गावाला मी परवडलो. तेव्हा गावात तेवीस घरं होती. मधोमध तळं, उत्तरेला जंगलाची टेकडी आणि दक्षिणेला उतरत गेलेली शेतं. त्या शेतांत बटाट्यांपेक्षा दगडच जास्त निघायचे. घरांना नंबर होते, पण ते बांधली त्या क्रमानं. त्यामुळं पाच नंबरच्या शेजारी अठरा नंबर. परका माणूस घर शोधत तळ्याला चार चकरा मारायचा आणि बायका खिडकीतून मजा बघायच्या.

पहिल्या लढाईत तोफा ओतायला चर्चची घंटा नेली. मला तेव्हाच्या दवंडीवाल्यानं गवताच्या गंजीत लपवलं, म्हणून मी राहिलो. त्याच्यानंतर माझा पट्टा वेंदेलीन ह्रुबेशच्या खांद्यावर आला. तो धंद्यानं चांभार. सगळे त्याला वेंदा म्हणत.

चर्चपासून निघून टेकडीखालच्या तेवीस नंबरपर्यंत आम्ही पाच ठिकाणी थांबायचो. वेंदा मला बडवायचा, खिडक्या उघडायच्या, मग तो घसा खाकरून वाचायचा. "तीन नंबरची हंसीण कालपासून बेपत्ता आहे! ज्याच्या पातेल्यात असेल त्यानं निदान पिसं तरी परत करावीत!"

"वेंदा, पिसांचं कागदावर लिहिलंय का रे?" लोहार ओरडायचा.

"नाही. ते माझ्या पदरचं. आणि तुझ्या मिशीला काय चिकटलंय ते आधी बघ!"

असं हसतखेळत चालायचं. पण एक नियम पक्का होता. जे ढोलावर वाजलं ते गावाला लागू. मग कुणी 'मला ठाऊक नव्हतं' म्हणायचं नाही. आणि जे वाजलं नाही ते लागूच नाही. मग कागदावर कितीही शिक्के असोत. आजोबा-पणजोबांपासून हेच चालत आलं होतं. मला त्याचा अभिमान होता. आता तो आठवला की पान आकसतं.

दुसऱ्या लढाईत आमचा मुलूख जर्मनांच्या ताब्यात होता. बेचाळीसच्या सप्टेंबरात त्यांचा कागद आला. सरपंच हाव्रानेक तो घेऊन स्वतः वेंदाच्या दुकानी आले. टोपी हातात, तोंड पांढरं.

"वेंदा, हे वाजवायचंय."

वेंदानं वाचलं. सगळा मुलूख सैन्याच्या सरावाला हवा होता. नाताळच्या आत गाव रिकामं करायचं. कुठं जायचं ते ज्यानं त्यानं बघायचं.

"उद्या वाजवतो," वेंदा म्हणाला.

सरपंच गेल्यावर त्यानं मला मांडीवर घेतलं. जोड्याला भोकं पाडायची आरी उचलली आणि माझ्या पानात खुपसून खाली ओढली. वीतभर फाटलं.

सकाळी त्यानं मला सरपंचांना दाखवलं. "पान फाटलंय. कसा वाजवू?"

सरपंचांनी भोकाकडं पाहिलं, मग दुकानातल्या आरीकडं पाहिलं. "नवं पान कधी मिळेल?"

"लढाईचे दिवस. कातडं कुठाय?"

"मग राहिलं," सरपंच म्हणाले. त्यांच्या छातीतून केवढा सुस्कारा निघाला!

कागद चर्चच्या दारावर डकवला होता. सगळ्यांनी तो वाचला. पण बटाटे काढताना, बिअर पिताना, जो तो म्हणायचा, "अजून वाजलंय कुठं? वाजू दे, मग बघू." शेजारची गावं गाड्या जुंपून नदीपलीकडं खोल्या शोधत हिंडत होती, आणि आमचे लोक पुढच्या वर्षासाठी लाकडं फोडत होते. असे नऊ आठवडे गेले.

तेवीस नंबरात क्वेता राहायची. तिची आई आनेझ्का खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. नोव्हेंबरच्या अखेरीस एका सकाळी क्वेता दुकानात आली. अंगावरचा बर्फही तिनं झटकला नाही.

"काका, ढोल शिवा."

"कातडं नाही गं पोरी."

"जोड्याचं लावा. काल नदीपलीकडं जाऊन आले. एक खोली शिल्लक नाही. बिअरच्या कारखान्यात जव वाळवायची माडी आहे, तेवढीच. आणि आई जागची हलत नाही. वाजलं नाही म्हणते. काका, तुम्ही वाजवल्याशिवाय ती गाडीत बसायची नाही."

वेंदानं मेणाचा दोरा घेतला आणि मला ठिगळ लावलं. शिवताना दोनदा सुई त्याच्या बोटात गेली.

त्या दिवशी माझा आवाज निघाला तो खोकल्यासारखा. पण पहिल्या ठोक्याला सगळ्या खिडक्या उघडल्या. कुणी ओरडलं नाही, कुणी थट्टा केली नाही. चार ठिकाणी वेंदानं कागद वाचला. पाचव्या ठिकाणी, आनेझ्काच्या खिडकीखाली, त्याला शब्दच दिसेनात. त्यानं तो पाठच म्हणून टाकला.

आतून म्हातारी म्हणाली, "इतके दिवस कुठं होतास रे?"

"पान फाटलं होतं, मावशी."

"आणि तोंड? तेही फाटलं होतं का?" मग लेकीला, "क्वेते, माझी लोकरीची शाल कुठाय?"

शेवटी आम्हाला जव वाळवायच्या त्या माडीवरच राहावं लागलं; तिथं दगडी फरशी होती, चूल नव्हती. जानेवारीत आनेझ्काच्या छातीत थंडी भरली आणि ती गेली. शेजारच्या गावांतून आधी निघालेल्यांना चुलीपाशी जागा मिळाल्या होत्या. पुरून आल्यावर क्वेता वेंदाजवळ बसली.

"पान तुम्हीच फाडलंत ना, काका?"

"हो."

"ठाऊक होतं मला. सगळ्यांनाच होतं. आम्हाला ते फाटलेलंच हवं होतं."

लढाई संपल्यावर चौदा घरं परतली. तोफांनी छपरं उडालेली, तळ्याचा बांध फुटलेला. त्यांनी बांध घातला, छपरं चढवली. वेंदानं सगळ्यांचे जोडे शिवले, पण टिपऱ्यांना पुन्हा हात लावला नाही. पुढं खांबांवर विजेचे कर्णे आले आणि माझी कुणाला गरज उरली नाही.

आता वेंदा नाही, क्वेताही नाही. गावच्या आगबंबाच्या खोलीत काचेच्या कपाटात मी असतो. खाली एक पाटी आहे. पाहुणे ती मोठ्यानं वाचतात, म्हणून मला ठाऊक: 'युद्धात शत्रूच्या गोळीने फाटलेला ढोल.' वाचून लोक हळहळतात. गावाला बरं वाटतं. वेंदाची अब्रूही झाकली जाते, म्हणून मीही बरीच वर्षं गप्प राहिलो.

पण माझं काम सांगायचं होतं, झाकायचं नव्हतं. शत्रूनं आमची घरं घेतली, हे खरंच आहे. ते नऊ आठवडे मात्र आम्हीच घालवले. तेव्हा कुणीतरी ही पाटी बदला. वेंदाचं नाव घालू नका. तो बिचारा गावाच्या मनातलंच करून बसला. एवढंच लिहा, की हे पान आम्ही फाडलं, कारण आम्हाला ऐकायचं नव्हतं. आणि लिहिल्यावर एकदा मोठ्यानं वाचा. ठोका नसला तरी चालेल.