स्वयंपाकघरातला नाच

गिरकी अर्ध्यावर सोडून आक्कांनी ओट्याची कड धरली आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. गाणं पुढे वाजत राहिलं. सिनेमात त्यांच्या नवऱ्याचं काम करणारे दादा हात पुढे करून थांबले होते, बस चुकलेल्या माणसासारखे.

"मला नाही जमायचं हे," आक्का म्हणाल्या. "उभा जन्म लोकांना हसवण्यात गेला माझा. आता ते मला हसतील."

आणि पदर खोचत त्या सेटच्या कडेला एका बैठ्या स्टुलावर जाऊन बसल्या.

नृत्य बसवणाऱ्या बाईंनी गाणं थांबवायला सांगितलं. त्यांना सगळे भिंगरीताई म्हणत. तरुणपणी रंगमंचावर त्या एकदा फिरायला लागल्या की प्रेक्षक श्वास घ्यायचे विसरत, तेव्हापासूनचं ते नाव. पुढे गुडघ्याने दगा दिला. भिंगरी थांबली, पण नाव राहिलं. मग त्या दुसऱ्यांना नाचवू लागल्या. किती नाटकांची नृत्यं बसवली त्याला गणती नाही. सिनेमा मात्र हा पहिलाच. त्यातही मिळालेलं गाणं हे असं: म्हातारं जोडपं, स्वयंपाकघर, रेडिओ लागतो आणि दोघं नाचतात.

दिग्दर्शक त्यांच्या मुलाच्या वयाचा होता. तो हळूच जवळ आला.

"ताई, एक सुचवू? तुम्हीच करा. पाठमोरं घेऊ, पाय घेऊ. आक्कांचा चेहरा नंतर जोडू. कुणाला पत्ता लागणार नाही."

नाही म्हणायला भिंगरीताईंनी तोंड उघडलं आणि विचारलं, "साडी तीच नेसायची ना?"

साडी नेसता नेसता त्यांनी घरी फोन लावला.

"अहो, मी आज नाचणारेय. कॅमेऱ्यासमोर."

"गुडघ्याला विचारलंस का?" नवऱ्याने विचारलं.

"तो कुठे मला विचारून दुखतो?"

पलीकडून हसू ऐकू आलं. मग तो म्हणाला, "नाच बिनधास्त. आल्यावर तेल लावून देतो."

गाणं सुरू झालं आणि भिंगरीताईंना वाटलं, मधली वर्षं कुणीतरी चादर झटकावी तशी झटकून टाकली. अंगाला सगळं आठवत होतं. ओट्यापासून खिडकीपर्यंत त्या पाण्यासारख्या गेल्या, दादांच्या हाताखालून निघाल्या, फिरल्या. गुडघा कुरकुरला, त्यांनी त्याला दाद दिली नाही. गाणं संपलं तेव्हा दिवे सांभाळणारी माणसंसुद्धा टाळ्या वाजवत होती. भिंगरीताईंना धाप लागली होती आणि हसू आवरत नव्हतं.

"दाखव बघू," त्या दिग्दर्शकाला म्हणाल्या.

मॉनिटरसमोर त्या पुढे वाकून बसल्या. पडद्यावर एक नर्तकी नाचत होती. पाठ ताठ, मान डौलदार, पाऊल नेमकं. त्या पाहत राहिल्या, आणि हळूहळू त्यांचं हसू विरलं. ही बाई या ओट्याशी कधी पोळ्या लाटत उभी राहिली असेल, असं काही केल्या वाटत नव्हतं. दादा बिचारे तिच्या घरी आलेल्या पाहुण्यासारखे दिसत होते.

"सुरेख झालंय हो," मागून आक्का म्हणाल्या. त्यांच्या आवाजात हेवा नव्हता; सुटका होती. मग गुडघ्यावर एक हात दाबून, "अगं आई गं" करत त्या स्टुलावरून उठू लागल्या. दुसरा हात आधारासाठी हवेत चाचपडला. दादांनी दुसऱ्याशी बोलता बोलताच तो धरला. आक्का उभ्या राहिल्या, जराशा झोकांडल्या, दादांच्या खांद्याला टेकल्या आणि स्वतःलाच हसल्या.

भिंगरीताई खुर्चीतून उठल्या.

"आक्का, परत बसा."

"अगं, आत्ता कुठे उठलेय."

"म्हणूनच म्हणते, बसा."

दिग्दर्शकाच्या लक्षात आलं. "ताई, तुमचा शॉट अप्रतिम आहे," तो कळवळून म्हणाला.

"आहे," भिंगरीताई म्हणाल्या. "पण सिनेमा त्या म्हातारीचा आहे. माझा शॉट ठेवू नकोस."

साडी बदलताना त्यांनी आरशासमोर एक गिरकी घेतली, अगदी स्वतःपुरती. मग बाहेर येऊन आधी बसवलेली सगळी पावलं मोडीत काढली.

आता नाच स्टुलावरून सुरू झाला. आक्कांचं ते उठणं, ते झोकांडणं, सगळं तालात आलं. त्या ओले हात पदराला पुसत. पुसता पुसता त्यांची कंबर हलायला लागे. दादा मध्ये आले की त्या कोपराने त्यांना सारत, आणि दादा पुन्हा मध्ये येत.

"हा नाच आहे होय?" आक्का म्हणाल्या. "हे तर मी रोज करते."

"रोज ताल नसतो एवढंच," भिंगरीताई म्हणाल्या.

कॅमेरा सुरू झाला. कुणीतरी खुदकन हसलं, आणि ते हसू कानावर पडताच आक्कांच्या अंगात वारं शिरलं. त्यांना ओळखीचंच होतं ते हसू. त्यांनी दादांना गोल फिरवलं, स्वतः फिरायचं सोडून. हे कुणी बसवलेलं नव्हतं. भिंगरीताईंचा हात तोंडाशी गेला. गाणं संपल्यावरही दोघं संथपणे डोलत राहिली आणि दिग्दर्शक 'कट' म्हणायला विसरला.

शेवटी आक्काच धापा टाकत स्टुलावर बसल्या.

"झालं का गं बरं?"

"परत एकदा करू या," भिंगरीताई म्हणाल्या.

दिग्दर्शक गोंधळला. "ताई, शॉट ओके आहे. काही राहिलं का?"

"सिनेमाचं काही राहिलं नाही रे. मला बघायचंय." असं म्हणून त्यांनी एक खुर्ची ओढली आणि त्या पाय लांब करून ऐसपैस बसल्या, तिकीट काढून आल्यासारख्या.

आक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग दादांकडे पाहिलं आणि हात वर केला.

"मग आधी मला उठवा कुणीतरी."